जन्मदाखल्याचे पान: वेबसाइटवरचा मराठी मजकूर सोपा कसा लिहायचा

बाळ आठ दिवसांचे आहे. वडील रुग्णालयाबाहेरच्या बाकावर बसून मोबाइलवर शोधत आहेत: नोंद झाली का, दाखला कुठे मिळेल, कधीपर्यंत घ्यावा लागतो. नगरपालिकेचे पान उघडते आणि पहिल्याच ओळीत 'जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ मधील तरतुदींस अनुसरून' असे येते. चार ओळी कशाबशा वाचून ते पान बंद करतात आणि ओळखीतल्या कुणाला तरी फोन लावतात. हवी ती माहिती त्या पानावर होती. त्यांच्यापर्यंत ती पोहोचली नाही.

पुढचे सगळे उदाहरण याच पानाचे आहे. पतसंस्थेच्या कर्जाचे, शाळेच्या प्रवेशाचे किंवा रुग्णालयाच्या ओपीडीचे पान लिहितानाही हीच पद्धत वापरता येते.

आधी खिडकीवर काय विचारतात ते टिपा

पान लिहायला बसण्याआधी खिडकीवरच्या लिपिकाकडे एक वही द्या आणि दोन दिवस लोकांचे प्रश्न लोकांच्याच शब्दांत टिपायला सांगा. शुद्ध भाषेत करू नका. 'दवाखान्यातनं नोंद झालीय का ते कसं कळणार?', 'नाव अजून ठरलं नाही, चालतं का?', 'बाळंतपण घरी झालं, आता?', 'दोन महिने उलटून गेले', 'दाखल्यात आईचं नाव चुकलंय'. पानाचा आराखडा या वहीतच तयार होतो.

मग प्रत्येक प्रश्नासमोर एका वाक्यात उत्तर लिहा. रुग्णालयात जन्म झाला असेल, तर नोंदीसाठी कळवणे ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. घरी झाला असेल, तर कुटुंबप्रमुखाची. मुदत २१ दिवसांची. २१ दिवसांनंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंद होते. ३० दिवसांनंतर एक वर्षापर्यंत लेखी परवानगी लागते आणि एक वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. नाव ठरले नसले तरी नोंद होते. नोंदीपासून १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येते, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क देऊन. नेमके कोणाकडे जायचे, किती रुपये लागतील, हे तुमच्या कार्यालयाच्या माहितीवरून भरा.

मोबाइलच्या पहिल्या पडद्यावर, बोट न सरकवता, तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत: कुठे जायचे, कधीपर्यंत जायचे, काय न्यायचे. कायद्याचे नाव पानाच्या शेवटी एका ओळीत टाका. त्याची गरज वकिलाला आणि अपील करणाऱ्याला असते. ते दोघे ती ओळ शोधून काढतात.

मृत्यूदाखला याच पानावर घेऊ नका. अर्ज, खिडकी आणि शिक्का एकच असला तरी वाचणारा माणूस वेगळ्या मनःस्थितीत असतो. त्याला बाळांच्या मजकुरातून वाट काढायला लावू नये. एका कामाला एक पान.

क्रियापद शेवटी येते, म्हणून वाक्य छोटे

सोपे लिहिण्याचे बहुतेक सल्ले इंग्रजीवर बेतलेले आहेत आणि ते मराठीला जसेच्या तसे बसत नाहीत. इंग्रजीत कर्त्याच्या पाठोपाठ क्रियापद येते. काय करायचे ते वाक्याच्या सुरुवातीलाच कळते आणि शेपूट लांबले तरी फारसे बिघडत नाही. मराठीत क्रियापद शेवटी. तिथे पोहोचेपर्यंत मधले सगळे शब्द वाचणाऱ्याला डोक्यात धरून ठेवावे लागतात. त्यात 'नाही' तर क्रियापदाच्याही नंतर येते.

पडद्यावर ही अडचण दुपटीने जाणवते. वेबपानावर माणूस शब्द न् शब्द वाचत नाही. वेबसाइट लोक कशा वापरतात याचे अभ्यासक याकोब नीलसन यांच्या १९९७ मधल्या पाहणीत ७९ टक्के लोक नवे पान नुसते चाळत होते, शब्दशः वाचणारे १६ टक्के होते. २००६ साली त्यांच्या संस्थेने नजरेच्या हालचाली नोंदवल्या. तेव्हा दिसले की नजर वरच्या एक-दोन ओळी आडव्या वाचते आणि नंतर डाव्या कडेने खाली घसरते. ओळींचे उजवे टोक बहुतेक वेळा बघितलेच जात नाही. त्या पाहणीतले मजकूर मराठी नव्हते, पण मराठीही डावीकडून उजवीकडेच वाचतात. म्हणजे नजर जिथे सर्वांत कमी जाते, तिथेच आपले क्रियापद आणि आपला नकार जाऊन बसतो.

'ऑनलाइन भरलेले शुल्क कोणत्याही कारणास्तव अर्जदारास परत मिळणार नाही' हे वाक्य चाळणाऱ्या माणसाला 'ऑनलाइन भरलेले शुल्क... परत...' एवढेच दिसते आणि तो भलताच अर्थ घेऊन पुढे जातो. 'शुल्क परत मिळत नाही.' एवढेच लिहा. चार शब्द एका ओळीत मावतात आणि 'नाही' नजरेच्या टप्प्यात राहते.

आता पूर्ण परिच्छेद घेऊ. अशा पानांवर साधारणपणे असे वाक्य असते:

'सर्व संबंधितांना याद्वारे कळविण्यात येते की, ज्या नागरिकांना त्यांच्या पाल्याच्या जन्माची नोंद झाल्याबाबतचे प्रमाणपत्र प्राप्त करून घ्यावयाचे असेल, त्यांनी विहित नमुन्यातील परिपूर्ण भरलेला अर्ज आवश्यक त्या कागदपत्रांच्या साक्षांकित प्रतींसह व विहित शुल्काच्या भरणा पावतीसह नागरी सुविधा केंद्रात कार्यालयीन वेळेत सादर करणे बंधनकारक असून, अपूर्ण अर्जांचा विचार केला जाणार नाही, याची नोंद घ्यावी.'

५२ शब्द, एक वाक्य. तेच असे लिहिता येते. यातली कागदपत्रे, रक्कम आणि वेळ नमुन्यादाखल आहेत:

'बाळाचा जन्मदाखला नागरी सुविधा केंद्रात मिळतो. येताना भरलेला अर्ज आणि आई किंवा वडिलांचे आधार कार्ड आणा. एका प्रतीचे ५० रुपये केंद्रातच भरता येतात. केंद्र सोमवार ते शनिवार सकाळी १० ते संध्याकाळी ५ उघडे असते.'

३४ शब्द, चार वाक्ये, सर्वांत लांब वाक्य ११ शब्दांचे. पण शब्द कमी झाले ही यातली छोटी गोष्ट. पहिल्या परिच्छेदात कोणती कागदपत्रे, किती शुल्क, कोणत्या वेळी, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते. 'विहित', 'आवश्यक त्या' आणि 'कार्यालयीन वेळेत' या शब्दांनी ती उणीव झाकली होती. सोपे वाक्य लिहायला घेतले की रकमेच्या जागी रक्कमच लिहावी लागते, आणि ती ठाऊक नसेल तर उठून विचारून यावे लागते. या कामातला सर्वांत जास्त वेळ या विचारपुशीत जातो. तो राखून ठेवा.

वाक्य किती छोटे असावे? ब्रिटिश सरकारच्या वेबसाइटची मार्गदर्शक तत्त्वे इंग्रजी वाक्याला २५ शब्दांची मर्यादा घालतात. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात, त्यामुळे तेवढाच मजकूर कमी शब्दांत मावतो आणि प्रत्येक शब्द जड होतो. 'घरासमोरच्यांनासुद्धा' हा आपल्याकडे एक शब्द आहे. मराठीत १२ ते १५ शब्दांवर थांबावे. मोबाइलवर एका ओळीत साधारण चार ते सहा शब्द बसतात, म्हणजे वाक्य तीन ओळींत संपते. १५ च्या वर गेलेले वाक्य मोठ्याने वाचून पाहा. 'असून', 'तसेच', 'व त्यानुसार' हे शब्द ते कुठे तोडायचे ते दाखवतात.

याच कारणाने मजकूर वाचायला किती सोपा ते मोजणारी, इंग्रजीसाठी बनवलेली गुणपद्धती मराठी मजकुराला लावू नका. रुडॉल्फ फ्लेश यांचे १९४८ चे सूत्र वाक्यातले शब्द आणि शब्दातली अक्षरे मोजते. जोडशब्दांच्या भाषेत ते उगाच नापास करते आणि 'सदर बाब नमूद' सारख्या छोट्या शब्दांच्या रुक्ष मजकुराला पास करते. वेबसाइटवर मजकूर भरायच्या जागी अशा गुणांचा हिरवा-लाल दिवा दिसत असेल, तर मराठी पानांसाठी तो बंद ठेवा.

'ज्या... त्या' ची रचना दिसली की बहुतेक वेळा ती दोन वाक्यांत फोडता येते. पण अट आधी येत असेल, तर तिला हात लावू नका. 'बाळाचा जन्म घरी झाला असेल, तर...' हे मराठीचे स्वाभाविक वळण आहे आणि पडद्यावर ते फायद्याचे ठरते: ज्यांचे बाळ रुग्णालयात जन्मले ते पहिल्या चार शब्दांतच पुढे सरकतात. एका वाक्यात एकच अट हवी. दोन अटी असल्या तर दोन उपमथळे करा.

दुहेरी नकार टाळा. 'अर्ज भरल्याशिवाय टोकन दिले जाणार नाही' याऐवजी 'आधी अर्ज भरा. मग टोकन मिळेल.'

दप्तरातले शब्द आणि घरातले शब्द

काही शब्द दिसले की सरळ काढा. 'सदर' च्या जागी 'हा' किंवा 'तो'. 'उपरोक्त' असेल तर त्या गोष्टीचे नाव पुन्हा लिहा, पुनरुक्तीला घाबरू नका. 'च्या अनुषंगाने', 'च्या संदर्भात' आणि 'बाबत' बहुतेक वेळा 'साठी' किंवा 'विषयी' ने भागतात आणि कित्येकदा काहीच लागत नाही. 'प्राप्त करून घेणे' म्हणजे 'घेणे' किंवा 'मिळवणे'. 'सक्षम प्राधिकारी' असे लिहिण्याऐवजी पद लिहा: तहसीलदार, मुख्याधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी. कोणाच्या दारात उभे राहायचे ते लोकांना कळू द्या.

'करण्यात येते', 'देण्यात येईल' या कर्मणी रचनेवर थोडे थांबायला हवे. तिच्यात कोण करणार हे गायब होते. 'अर्जाची छाननी करण्यात येईल' असे वाचून अर्जदाराला कळत नाही की त्याने आणखी काही करायचे आहे का. 'आम्ही अर्ज तपासतो. तीन दिवसांत तुमच्या मोबाइलवर संदेश येतो.' यात कोण, कधी आणि पुढे काय, हे तिन्ही आले. कर्ता खरोखर बिनमहत्त्वाचा असेल तिथे 'दाखला मिळतो', 'नोंद होते' अशी साधी अकर्मक क्रियापदे वापरा. मराठीत ती मुबलक आहेत आणि कानाला गोड लागतात.

मात्र सोपा शब्द म्हणून मनाने घडवलेला शब्द नको. लोक 'सातबारा' म्हणतात. महसूल खात्याच्या दप्तरात तो गाव नमुना ७, म्हणजे अधिकार अभिलेख, आणि गाव नमुना १२, म्हणजे पिकांची नोंदवही. पानावर मथळ्यात, बटणावर आणि वाक्यात 'सातबारा' च हवा. पण हातात पडणाऱ्या कागदावर 'गाव नमुना सात' छापलेले असते, म्हणून ते नाव एकदा सांगून ठेवावे: 'सातबाऱ्याच्या कागदावर गाव नमुना सात आणि बारा असे लिहिलेले असते.' एकदाच. पुढे परत सातबारा. जन्मदाखल्याचेही तसेच: पानभर 'जन्मदाखला' आणि एका ठिकाणी 'कागदावर जन्म प्रमाणपत्र असे नाव असते'. शोधणारा दोन्हींपैकी काहीही टंकू शकतो. गूगल सर्च कन्सोलमध्ये लोक कोणते शब्द टंकून तुमच्या पानावर आले ते दिसते. त्या यादीतला सर्वाधिक वापराचा शब्द मथळ्यात घ्या.

इंग्रजीतून रुळलेल्या शब्दांनाही हाच न्याय. पासवर्ड, ओटीपी, अपलोड, फॉर्म, मोबाइल नंबर हे शब्द जसेच्या तसे देवनागरीत लिहा. 'संकेतशब्द' किंवा 'भ्रमणध्वनी क्रमांक' वाचताना माणसाला क्षणभर मनात उलटे भाषांतर करावे लागते. उलट जिथे घरगुती मराठी शब्द जिवंत आहे, तिथे तोच: 'डॉक्युमेंट्स' नको, कागदपत्रे, 'सबमिट करा' नको, 'अर्ज पाठवा'. एका गोष्टीला पानभर एकच नाव ठेवा. वर 'शुल्क', मध्ये 'फी' आणि खाली 'आकार' आले, तर वाचणारा समजतो की तीनदा पैसे भरायचे आहेत.

'आपण' नको, 'तुम्ही'

'आपण' चा अर्थ तुम्हीही होतो आणि आपण सगळेही होतो. 'आपण अर्ज तपासावा' म्हणजे कोणी? सूचनांच्या पानावर 'तुम्ही' नेमका आहे आणि मराठीत तो पुरेसा आदरार्थी आहे. 'भरावा', 'जोडावी', 'घ्यावी' हे विध्यर्थ कागदी परिपत्रकात शोभतात. पडद्यावर 'भरा', 'जोडा', 'घ्या'. अधूनमधून 'कृपया' घालून आदर वाढत नाही, ओळ मात्र लांबते.

स्वयंघोषणेच्या चौकटीत 'मी जाहीर करतो/करते की' असे लिहावे लागते, कारण मराठी क्रियापद लिंग दाखवते. ही तिरकी रेघ टाळता येते. 'मला या अटी मान्य आहेत', 'मी दिलेली माहिती खरी आहे', 'मी सूचना वाचल्या आहेत' ही वाक्ये स्त्री-पुरुष दोघांनाही चालतात.

मथळे, याद्या आणि दुवे

मथळा वाचून खाली काय आहे ते कळले पाहिजे. 'सर्वसाधारण माहिती', 'सूचना', 'इतर' हे मथळे काहीच सांगत नाहीत. 'बाळाचे नाव नंतर घालायचे असेल तर', 'दाखल्यात चूक असेल तर', '२१ दिवस उलटून गेले असतील तर' हे तुमच्या वहीतूनच आले आहेत. मथळ्यातला सर्वांत वजनदार शब्द आधी ठेवा. नजर डाव्या कडेनेच उतरते.

क्रमाने करायच्या गोष्टींना आकडे द्या. नुसत्या वेचून घ्यायच्या गोष्टींना ठिपके. कागदपत्रांची यादी नेहमी ठिपक्यांची असावी आणि प्रत्येक ठिपक्यात एकच कागद. 'किंवा' आला की तो ठळक दिसू द्या. 'आधार कार्ड, मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड' असे नुसते लिहिले, तर लोक तिन्ही घेऊन येतात. यादीच्या वर 'यांपैकी कोणतेही एक' असे लिहा. खिडकीवरची निम्मी वादावादी या तीन शब्दांच्या अभावातून होते, हे कुठल्याही लिपिकाला विचारून पाहा.

'येथे क्लिक करा' हा दुवा पानावरून हद्दपार करा. ज्यांना दिसत नाही ते स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर, फक्त दुव्यांची यादी ऐकत जातात, आणि त्यांना सलग आठ वेळा 'येथे क्लिक करा' ऐकू येते. दुव्याचे शब्द स्वतःच काम सांगणारे हवेत: 'जन्मदाखल्यासाठी अर्ज करा', 'कोऱ्या अर्जाचा नमुना (पीडीएफ, ३०० केबी)'. फाइलचा आकार सांगणे गरजेचे, कारण पुष्कळ जण मोबाइल डेटावर असतात. कागद स्कॅन करून त्याची पीडीएफ चढवू नका. ती स्क्रीन रीडरला वाचता येत नाही, तिच्यात शोध लागत नाही आणि मोबाइलवर ती बोटांनी ताणत बसावी लागते. मजकूर पानावरच टंका.

अक्षरे नीट असली तरच मजकूर सापडतो

छपाईसाठी टंकलेली फाइल हाताशी असते आणि तीच चिकटवण्याचा मोह होतो. जुन्या फाँटांत ती टंकलेली असेल, तर पडद्यावर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो, कारण त्या फाँटांत 'क' च्या जागी मुळात एखादे इंग्रजी अक्षर साठवलेले असते. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्याच चालणाऱ्या अक्षरपद्धतीतच हवा. फाँट बदलणाऱ्या प्रोग्रॅमने बदलून घेतला, तरी चार जागा डोळ्यांनी तपासा: ऱ्हस्व वेलांटी पुढच्या-मागच्या अक्षरावर सरकलेली असते, रफार चुकीच्या अक्षरावर बसतो, जोडाक्षरे सुटतात आणि 'ऱ्य' चा 'र्य' होतो.

हा शेवटचा दोष अर्थच फिरवतो. 'आचार्यांना' म्हणजे गुरूंना, 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' डोंगरातल्या. 'दुसऱ्या', 'अधिकाऱ्यांचा', 'सातबाऱ्यावर' हे शब्द सरकारी पानांवर रोज लागतात. इन्स्क्रिप्ट कळफलकावर 'र' ची कळ शिफ्टसह दाबली की 'ऱ' येतो. त्यानंतर हलन्त, म्हणजे पाय मोडायची खूण, आणि मग य किंवा ह.

दुसरा छुपा घोटाळा 'ॲ' चा. 'ॲप', 'ॲडमिशन' मधले हे अक्षर दोन तऱ्हांनी टंकता येते: एकसंध ॲ, किंवा अ वर वेगळा चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण संगणकाला ती वेगळी वाटतात आणि पानावरच्या शोधात एक सापडते तर दुसरे निसटते. सगळीकडे एकसंध ॲ वापरा. तसेच विसर्गाच्या जागी कोलन टंकू नका. 'स्वतः' मध्ये कोलन पडला, तर संगणकाला तो वेगळाच शब्द वाटतो.

पानाच्या एचटीएमएलमध्ये भाषेचा कोड मराठीचा, म्हणजे 'एमआर' (mr), द्यायला तंत्रज्ञांना सांगा. बऱ्याच साच्यांत तो इंग्रजीचाच राहून गेलेला असतो. त्याने दोन गोष्टी बिघडतात. स्क्रीन रीडर मराठी आवाज निवडत नाही. आणि ज्या फाँटांत मराठी वळणाची सोय आहे, उदाहरणार्थ नोटो सान्स देवनागरी, तेही हिंदी वळणाचे ल आणि श दाखवतात. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही आपली वळणे राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयात प्रमाण मानली आहेत.

मांडणीचे आकडे थोडक्यात: अक्षराचा आकार १७-१८ पिक्सेलपेक्षा कमी नको. ओळींमधले अंतर आकाराच्या १.६ ते १.८ पट ठेवा, कारण देवनागरीत मात्रा वर जातात आणि उकार खाली येतात. इंग्रजीचे अंतर ठेवले तर ते एकमेकांत अडकतात. अक्षरांमधले अंतर शून्य. ते वाढवले की शिरोरेषा तुटते. तिरपा ठसा देवनागरीला मानवत नाही आणि ठळक ठशात 'क्ष', 'ज्ञ', 'ष्ट' यांची पोकळी बुजते, म्हणून ठळक फक्त दोन-तीन शब्दांपुरते. दोन्ही कडा समतल केल्या, तर लांब शब्दांमुळे मोबाइलवर मध्येच भगदाडे पडतात. डावी कड सरळ, उजवी मोकळी. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगातला फरक किमान ४.५ ला १ असावा. फिकट राखाडी अक्षरे उन्हात उभ्या माणसाला दिसत नाहीत.

आकडे, तारखा, पत्ते

मराठी आकडे आणि इंग्रजी आकडे एकाच पानावर मिसळू नका. याला एकच अपवाद: खाते क्रमांक किंवा अर्ज क्रमांक, जो वाचून दुसरीकडे टंकायचा असतो, तो ज्या आकड्यांत टंकायचा त्यातच दाखवा. '०५/०६/२०२५' ही जून की मे, असा प्रश्न परदेशी असलेल्या आप्तांना हमखास पडतो. '५ जून २०२५' लिहा. 'चालू वर्षी', 'नुकतेच', 'लवकरच' हे शब्द सहा महिन्यांत खोटे होतात. वर्ष लिहा.

वेबपत्त्यात देवनागरी टाळलेली बरी. ब्राउझरमध्ये ती छान दिसते, पण पत्ता कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की प्रत्येक देवनागरी खूण नऊ चिन्हांची होऊ शकते. 'जन्मदाखला' या शब्दात नऊ खुणा आहेत, म्हणजे एका शब्दाची ८१ चिन्हे. असा लांबलचक दुवा बघून लोक फसवणुकीच्या भीतीने तो उघडत नाहीत. पत्ता रोमन लिपीत छोटा ठेवा, मथळा मराठीत.

चूक झाली तेव्हाचे वाक्य

चुकीच्या संदेशांकडे कोणी लेखन म्हणून बघत नाही. ते तंत्रज्ञाने जाता जाता लिहिलेले असतात आणि माणूस वैतागलेला असतानाच समोर येतात. 'अवैध इनपुट' म्हणजे काय चुकले? 'मोबाइल नंबर १० आकडी हवा. तुम्ही ९ आकडे भरले आहेत.' असे लिहा. काय चुकले आणि आता काय करायचे, ही दोन वाक्ये, त्या रकान्याच्या लगत. फोटो मोठा असेल तर 'फोटो २०० केबीपेक्षा लहान हवा' एवढे सांगून थांबू नका, लहान कसा करायचा त्याचा दुवा द्या. आणि भरलेला अर्ज पुसून टाकू नका. हे काम तंत्रज्ञाचे आहे, पण मागणी मजकूर लिहिणाऱ्यानेच लावून धरावी.

तपासणी

पहिली तपासणी कानाची. सगळे पान मोठ्याने वाचा. जिथे श्वास पुरला नाही, तिथे वाक्य तोडा. जिथे आवाज आपोआप सरकारी झाला, तिथला शब्द बदला.

दुसरी, गाळलेल्या शब्दांची. विल्सन टेलर यांनी १९५३ साली मांडलेली ही पद्धत अक्षरे मोजत नाही, म्हणून मराठीलाही चालते. पानातला शंभर-सव्वाशे शब्दांचा उतारा घ्या, प्रत्येक सहावा शब्द गाळून रिकामी जागा ठेवा आणि हा विषय नवा असलेल्या पाच जणांना भरायला द्या. अर्थ जुळणारा शब्द बरोबर धरा, प्रत्ययाची चूक सोडून द्या. साधारण ६० टक्के जागा नीट भरल्या गेल्या, तर उतारा समजतो आहे. त्याच्या खूप खाली गेले, तर जिथे सगळे अडखळले ती वाक्ये पुन्हा लिहा.

तिसरी सर्वांत खरी. कार्यालयाबाहेरच्या कोणाला तरी, शक्य तर रांगेतल्याच माणसाला, त्याच्या स्वतःच्या मोबाइलवर पान उघडायला सांगा आणि एक काम द्या: 'बाळ घरी जन्मले, २५ दिवस झाले. काय कराल?' मदत करू नका, मध्ये बोलू नका. बोट कुठे थांबते, कुठे मागे जाते ते टिपा. चार-पाच जणांतच तीच अडचण पुन्हा पुन्हा दिसू लागते.

पान चढवल्यावर तळाशी दोन ओळी घाला: माहिती कोणत्या तारखेला तपासली आणि चूक दिसली तर कोणत्या नंबरवर कळवायची. तो नंबर दाबला की थेट लागेल असा ठेवा. खिडकीवरची वही मात्र बंद करू नका. शुल्क बदलले, नियम बदलला किंवा तोच प्रश्न आठवड्यात तिसऱ्यांदा आला, की त्या दिवशीच पान उघडून ते वाक्य दुरुस्त करा आणि तळाची तारीख बदला.